उशाशी बसणाऱ्यांचे प्रश्न

बरे होण्याची शक्यता संपलेल्या माणसाची घरी शुश्रूषा करताना तुम्हाला नेमके काय अडते, असे आम्ही मागच्या अंकात विचारले होते. आलेली बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत, कारण हे सदर लिहिणारी मी याच पट्ट्यात, कोपरीपासून खारघरपर्यंत, घरोघरी जाऊन असे रुग्ण पाहणारी डॉक्टर आहे. या कामाला डॉक्टर पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि छापील मराठीत ते उपशामक सेवा होते. घरातल्यांच्या लेखी मात्र ते ‘आईचं करणं’ किंवा ‘बाबांचं करणं’ एवढेच असते. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधाची मात्रा तुमच्या रुग्णाला पाहणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे. मी येथे फक्त त्यामागची कारणे सांगते आहे.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरला असून रुग्णालयाने तीन आठवड्यांपूर्वी ‘आता घरीच सांभाळा’ असे सांगून सोडले. गेले सहा दिवस त्या दोन-तीन चमचे पेजेपलीकडे काही घेत नाहीत. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवतात. नणंदबाई साताऱ्याहून रोज फोन करून ‘आईला उपाशी ठेवलंय का?’ असे विचारतात. जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर रोज घरी येऊन सलाईन लावायला तयार आहेत. लावावे का? की नाकातून नळी घालावी?
(एक सून, कोपरखैरणे)

उत्तर : ‘अन्नावरची वासना उडाली’ असे आपल्याकडे म्हणतात, आणि जुन्या बायका ते म्हणताना आवाज खाली आणत, कारण पुढे काय येणार हे त्यांनी चार घरांत पाहिलेले असे. पसरलेल्या कर्करोगात शरीराची अन्न वापरण्याची रीतच बिघडते. भूक मरते, दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते, आणि पोटात गेलेल्या अन्नातून स्नायू किंवा ताकद तयार होत नाही. जेवत नाही म्हणून आई खंगते आहे, असे नणंदबाईंना साताऱ्यात बसून वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात आजार शेवटाकडे आल्यामुळे जेवण थांबले आहे. अशा वेळी आग्रहाने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन ठसका लागण्याची आणि त्यातून न्यूमोनिया होण्याची भीती असते.

सलाईनचा हिशोब एकदा मांडून पाहू. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते आणि बाकी पाणी. ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणून जी लावतात त्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण शंभर उष्मांक, एखाद्या पोळीइतके. हे पाणी बाहेर टाकण्याची मूत्रपिंडांची शक्ती आता कमी झालेली असल्यामुळे ते पायांवर, पोटात आणि फुप्फुसांत साचते. श्वास लागतो आणि घशातली घरघर वाढते. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरीच हॉस्पिस (अखेरच्या काळातली शुश्रूषा) सेवा घेणाऱ्या १२९ कर्करुग्णांपैकी एका गटाला रोज एक लिटर आणि दुसऱ्याला केवळ नावापुरते शंभर मिलिलिटर सलाईन दिले होते. त्रासात किंवा जगण्याच्या काळात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट्या-जुलाबांमुळे किंवा रक्तातले कॅल्शियम वाढल्यामुळे शरीर एकाएकी सुकले असेल तर दोन-तीन दिवसांपुरते सलाईन उपयोगी पडते, आणि तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा. नाकातल्या नळीचेही तसेच. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात भूक असते पण गिळता येत नाही, तेथे नळी वरदान ठरते. भूकच संपलेल्या तुमच्या सासूबाईंना मी ती घालणार नाही.

खरा त्रास होतो तो कोरड्या तोंडाचा, आणि त्यावर घरातच उपाय आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून ठेवा, बोटाला स्वच्छ मऊ कापड गुंडाळून त्याने दर दोन-तीन तासांनी तोंड आतून पुसा, ओठांना तूप लावा. जिभेवर दह्यासारखे पांढरे थर दिसले तर ती बुरशी असते, डॉक्टरांना सांगा. औषधाने ती चार-पाच दिवसांत जाते. त्या पूर्ण जाग्या असतील आणि मागतील तेव्हाच, उशा लावून बसवून, आमसुलाच्या साराचा चमचा किंवा गोठवलेल्या कोकम सरबताचा लहानसा खडा द्या. खोकल्या की थांबा.

नणंदबाईंना फोनवर समजावत बसू नका. दोन दिवस बोलावून घ्या आणि तोंड पुसण्याचे काम त्यांच्याकडे द्या. सलाईनची बाटली टांगली की घरातल्या सगळ्यांना काहीतरी केल्यासारखे वाटते, तिचा बराचसा उपयोग तेवढाच असतो. ती गरज खोटी नाही, पण ती भागवण्यासाठी सासूबाईंच्या हाताला रोज सुई का टोचायची?

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे आहेत, प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरला आहे. त्यांना मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी लिहून दिली आहे. आई ती निम्मी करते आणि बाबा कण्हायला लागले तरच देते. काका म्हणतात, एकदा मॉर्फिन सुरू झाले की सवय लागते आणि माणूस लवकर जातो. शिवाय आमच्या भागातल्या एकाही केमिस्टकडे ही गोळी मिळत नाही. दर वेळी परळ गाठावे लागते.
(एक मुलगा, नौपाडा, ठाणे)

उत्तर : तुमच्या आईंचा हात आखडतो तो प्रेमापोटी, पण त्याची किंमत बाबा रोज मोजत आहेत. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. वेदना उसळल्यावर गोळी दिली तर ती चढायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि उसळलेली वेदना दाबायला कधीकधी जास्तच औषध लागते. म्हणून गोळी घड्याळाकडे पाहून द्यायची असते: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दोनला उठवावे लागू नये म्हणून अनेक डॉक्टर रात्री दहाची मात्रा दुप्पट लिहितात. तुमच्या चिठ्ठीवर तसे आहे का ते पाहा. मधल्या वेळात कळ उठली तर द्यायची जादा मात्राही आधीच विचारून ठेवा, आणि ती किती वेळा लागली हे वहीत लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग त्या वहीचा होतो.

व्यसनाची भीती कर्करोगाच्या वेदनेत जवळजवळ निराधार आहे. काही आठवड्यांनी शरीर औषधाला सरावते, त्यामुळे ते एकदम बंद करायचे नसते, टप्प्याटप्प्याने उतरवायचे असते; पण सरावणे निराळे आणि नशेसाठी औषधामागे धावणे निराळे. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने मृत्यू लवकर येत नाही. काकांनी ज्यांना पाहिले असेल त्यांना ते बहुधा अगदी शेवटच्या दोन दिवसांत सुरू केले असेल, आणि मग मृत्यूचा दोष गोळीवर गेला. पहिले दोन-तीन दिवस बाबा खूप झोपतील, कारण कित्येक आठवड्यांची झोप बाकी आहे. मळमळ झाली तर तीही आठवडाभरात ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. मॉर्फिन सुरू आहे तोवर रोज रेचक हवेच, आणि ते इसबगोल नव्हे, कारण पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात त्याचा गोळा होतो. हाक मारून हलवूनही जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठाच्या खाली गेला, हातापायांना झटके येऊ लागले किंवा लघवी फार कमी झाली, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. मूत्रपिंडे मंदावली की मॉर्फिन अंगात साचते.

औषध का मिळत नाही याचे उत्तर कायद्यात आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे रुग्णालयांना परवान्यांच्या इतक्या पायऱ्या चढाव्या लागत की बहुतेकांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने आणि त्यानुसार २०१५ मध्ये निघालेल्या नियमांनी मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरवून देशभर एकच नियम केला, आणि मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्था ती ठेवू शकतात; पण कोपऱ्यावरचा केमिस्ट त्यात येत नाही. त्यामुळे परळच्या टाटा मेमोरियलची फेरी टळत नाही. टाटाचेच खारघरचे केंद्र, ॲक्ट्रेक, तुम्हाला सोयीचे पडेल का, हे तेथील वेदनाशमन विभागाला विचारून पाहा. प्रवासात गोळ्यांबरोबर चिठ्ठी ठेवा आणि घरात त्या कुलपात ठेवा.

आणखी दोन गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत. एकाच ठिकाणचे हाड फार दुखत असेल तर एकाच बैठकीत दिलेल्या रेडिएशननेही पुष्कळ आराम पडतो, ते डॉक्टरांना विचारा. आणि बाबांची पाठ एकाएकी जास्त दुखू लागून पाय लटके पडले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर तो कणा दबल्याचा इशारा समजून त्याच दिवशी रुग्णालयात न्या. घरी सांभाळायचे ठरवलेल्या रुग्णालाही ज्या मोजक्या कारणांसाठी मी धावपळ करून नेते, त्यांतले हे एक आहे.

प्रश्न : वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. हल्ली रात्री दोनला उठून ‘गाडी लागलीय, माल उतरायचाय’ म्हणतात, कॅथेटर (लघवीची नळी) ओढतात, मला ओळखत नाहीत. झोपेची गोळी दिली तर आणखी बिथरले. दिवसा बरे असतात.
(एक मुलगा, सानपाडा)

उत्तर : गावाकडे याला ‘वात झाला’ म्हणत. हे वेड नाही, आणि बहुतेक वेळा त्यामागे शरीरातले एखादे कारण असते. आधी कॅथेटरची पिशवी पाहा: लघवी उतरते आहे का, ओटीपोट टणक लागते का? तुंबलेली लघवी आणि चार दिवस न झालेली शौच, या दोनच गोष्टींनी मी कितीतरी शांत माणसे रात्री उग्र झालेली पाहिली आहेत. नंतर ताप, नवे सुरू झालेले औषध, वाढलेली वेदना यांचा विचार करा. नुसत्या झोपेच्या गोळीने हा गोंधळ पुष्कळदा वाढतो. डॉक्टर अशा वेळी हॅलोपेरिडॉल हे असा गोंधळ शांत करणारे औषध थोड्या मात्रेत देतात. खोलीत मंद दिवा राहू द्या, चष्मा आणि श्रवणयंत्र असेल तर ते हाताशी ठेवा, हात बांधू नका. आणि बाजार बंद आहे हे त्यांना पटवण्याच्या भरीस पडू नका. ‘माल उतरला, हिशोब सकाळी करू’ असे म्हणा. आयुष्यभर ज्याने गाड्या उतरवल्या त्याला तेवढे ऐकून झोप लागते.

प्रश्न : माझ्या यजमानांना फुप्फुसांचा जुना आजार आहे, घरी ऑक्सिजनचे यंत्र चालू असते. वर्षभरात दोनदा आयसीयूत राहून आले आणि आता ‘मला परत तिथं नेऊ नका’ असे त्यांनी शुद्धीत, सगळ्यांसमोर सांगितले आहे. आमची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगे म्हणतात की नेले नाही तर गुन्हा होईल. शेवट जवळ आला हे मला कसे कळेल? रात्री तीनला काही झाले तर मी एकटी काय करू? दाखला कोण देणार?
(एक पत्नी, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण यातला एकेक प्रश्न निरनिराळ्या घरांत मला रात्रीच्या फोनवर विचारला गेला आहे, आणि रात्री त्याचे उत्तर देऊन फारसा उपयोग होत नाही. ही तयारी दिवसा करायची असते.

प्रथम गुन्ह्याची शंका. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाला उपचार नाकारण्याचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असे सांगून आगाऊ इच्छापत्राला, म्हणजे पुढे आपल्याला सांगता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन एवढे पुरते, पूर्वीसारखे दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. यजमान सही करू शकतात तोवर ते करून घ्या. कायद्यापेक्षाही त्याचा उपयोग मुलांना होईल. निर्णय आपला नसून बाबांचा आहे, हे कागदावर पाहिले की भावाभावांतले वाद पुष्कळ कमी होतात.

आता श्वास. दम लागला की त्यांना झोपवू नका. खुर्चीत किंवा पलंगावर पुढे उशी घेऊन ओणवे बसवा, खिडकी उघडा, हातातला छोटा पंखा गालांवर आणि नाकाशी धरा. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने दम खरोखर कमी जाणवतो. यंत्राचा काटा मनाने वाढवू नका. अशा आजारात जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येते. अगदी कमी मात्रेतले मॉर्फिन दम लागण्यावरही चालते, ते डॉक्टरांशी बोला. वीज गेली तर यंत्र बंद पडते, म्हणून भरलेला एक लहान सिलिंडर आणि तो उघडण्याची चावी पलंगाजवळ असू द्या. ती चावी ऐन वेळी न सापडणे ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की मी तिला सुतळीने सिलिंडरलाच बांधायला लावते.

शेवट जवळ आल्याची चिन्हे बहुधा अशा क्रमाने दिसतात, पण शरीर वेळापत्रक पाळत नाही. माणूस दिवसाचा बहुतेक वेळ झोपतो, गिळणे थांबते, लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर निळसर जाळी उमटते. श्वास काही वेळ खोल, मग उथळ, मग वीस-तीस सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. घशात लाळ साचून आवाज येतो. तीच ती घरघर. ऐकणाऱ्याच्या काळजात त्या आवाजाने धस्स होते, पण तोवर रुग्ण सहसा इतका खोल गुंगीत असतो की त्याला तिचा त्रास जाणवत नाही. कुशीवर वळवा, डोके थोडे उंच करा, सलाईन चालू असेल तर थांबवा. लाळ कमी करणारे इंजेक्शन डॉक्टर आधीच लिहून ठेवू शकतात. नळी घालून सक्शन करण्याचा आग्रह धरू नका. ऐकू येत असावे असे धरून त्यांच्याशी बोलत राहा. गंगाजल द्यायचे असेल तर ओठ ओले होतील इतकेच द्या.

रात्री तीनसाठी एक कागद भिंतीवर लावा: आधी कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा, ते न मिळाल्यास कोणाला, कोणते औषध कोठे आहे आणि शेजारचे कोण येणार. १०८ ची रुग्णवाहिका रुग्णाला रुग्णालयात नेण्यासाठीच येते. तिला फोन करणे म्हणजे यजमानांचा निर्णय बदलणे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. श्वास थांबला की कोणतीही घाई नसते. सकाळपर्यंत त्यांच्याजवळ बसलात तरी काहीही बिघडत नाही.

दाखल्याबद्दल घरोघर फार गैरसमज आहेत. घरी झालेल्या मृत्यूसाठी, शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात. त्या नमुन्याला ४अ म्हणतात. तुमच्या भागातले फॅमिली डॉक्टर तो देऊ शकतात, पण त्यांनी रुग्ण अलीकडे पाहिलेला हवा. म्हणून आजच त्यांना घरी बोलवा, रुग्णालयाची फाईल दाखवा, आणि ‘वेळ आली तर दाखला द्याल ना?’ हे स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर आज कळलेले बरे. हा दाखला स्मशानात लागतो, मग ते जवाहरबाग असो की दुसरे कोणते. पुढे महापालिकेकडे २१ दिवसांच्या आत नोंद होते आणि मृत्यूचे प्रमाणपत्र मिळते. एक सावधगिरी: पडून मार लागला असेल आणि मृत्यू त्यातून झाला असेल, तर डॉक्टर असा दाखला देऊ शकत नाहीत आणि पोलिसांना कळवावे लागते. तेव्हा न्हाणीघरातली ओली फरशी आणि रात्रीचे एकट्याचे उठणे यांना अधिक जपा.

नेत्रदानाची इच्छा असेल तर सहा तासांच्या आत ते व्हावे लागते. पंखा बंद करून पापण्या मिटवायच्या आणि त्यांवर ओला कापूस ठेवायचा.

प्रश्न : आईच्या माकडहाडावरची जखम वास मारू लागली आहे. नातवंडे खोलीत यायला कचरतात आणि ते आईला कळते.
(एक मुलगी, ऐरोली)

उत्तर : जखम मिठाच्या पाण्याने धुऊन, नर्सकडून एकदा शिकून घेऊन, मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळीची पूड त्यावर भुरभुरा, वास दोन-तीन दिवसांत कमी होतो. हवा भरणारी गादी भाड्याने मिळते, पण गादी आली म्हणून कूस बदलणे थांबवू नका: दर दोन तासांनी, पूर्ण कुशीवर नव्हे, तर पाठीमागे उशी देऊन किंचित कलते. ओढून सरकवू नका, खाली आडवी चादर घालून दोघांनी उचला. लाल झालेली जागा चोळू नका. या अवस्थेत जखम भरेलच असे नाही. वास आणि वेदना घालवणे एवढे उद्दिष्ट ठेवा. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी वेदनेची गोळी द्या. नातवंडांना त्यानंतर लगेच पाठवा, पत्ते घेऊन.

प्रश्न : आईला कर्करोगाचे नाव सांगितलेले नाही, ‘अल्सर आहे’ असे सांगितले आहे. आता ती रोज विचारते, ‘मी बरी का होत नाही?’ डॉक्टरांनाही आम्ही न सांगण्याची विनंती केली आहे.
(एक मुलगा, घोडबंदर रोड)

उत्तर : तुम्ही त्यांना धक्क्यापासून वाचवू पाहता हे समजते. पण रोज विचारणाऱ्या माणसाला उत्तराचा संशय आलेला असतो, आणि घरातले सगळे खोटे बोलत आहेत हे कळल्यावर त्या आपली भीती कोणाजवळ बोलणार? सगळे एका दमात सांगण्याची गरज नाही. पुढच्या वेळी त्यांनाच विचारा, ‘तुला काय वाटतं, काय झालं असेल?’ आणि त्या जेथे थांबतील तेथे तुम्हीही थांबा. एका घरात हा प्रश्न मुलाने माझ्यासमोर विचारला तेव्हा त्या बाई म्हणाल्या, ‘मला माहीतच आहे, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.’ पुढचा तास त्या दागिने कोणाला द्यायचे हे सांगत होत्या.

प्रश्न : आईचे सगळे मीच करते. अविवाहित आहे, बेलापूरला नोकरी, रजा संपत आल्या आहेत. दिवसा ब्युरोची (रुग्णसेविका पुरवणाऱ्या संस्थेची) मावशी असते, रात्री मी. भाऊ बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर ‘हे असं का, ते तसं का’ विचारतो. काल मी आईवर ओरडले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.
(नेरूळ)

उत्तर : सलग किती रात्री झोपला नाहीत, ते आधी मोजा. झोप नसलेल्या माणसाच्या हातून औषधही चुकते, ओरडणे तर सोडाच. दिवसाच्या मावशींना रात्रीकडे वळवता आले तर पाहा, निदान आठवड्यातून तीन रात्री. दिवसा शेजार असतो, रात्री तुम्ही एकट्या असता. भावाला सूचनांऐवजी कामे द्या, आणि दूर बसूनही होणारी द्या: रात्रीच्या मावशींचे पैसे, विम्याची कागदपत्रे, डॉक्टरांच्या वेळा, औषधे संपण्याआधी मागवणे. त्याखेरीज महिन्यातून एक शनिवार-रविवार त्याने प्रत्यक्ष येऊन एकट्याने करावे. त्या दोन दिवसांनंतर व्हिडिओ कॉलवरचे प्रश्न आपोआप बदलतात, हा माझा अनुभव आहे.

घरी करणे अशक्य झाले तर तेही मान्य करा. वांद्र्याचे शांती आवेदना सदन हे १९८६ पासून बरे न होणाऱ्या कर्करुग्णांसाठी आहे आणि तेथे पैसे घेत नाहीत. आई कर्करुग्ण असतील तर चौकशी करून ठेवा. तेथे पाठवले म्हणजे टाकले, असे बोलणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांना पुढच्या मंगळवारी रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळेत मोकळीक आहे का, ते विचारा.

प्रश्न : वडील गेल्या महिन्यात गेले. घरात मॉर्फिनच्या गोळ्या, निम्मे डायपर, हवेची गादी आणि दोन कुबड्या पडून आहेत. आई काहीच हलवू देत नाही.
(कोपरी, ठाणे)

उत्तर : मॉर्फिन मात्र घरात ठेवून घेऊ नका. गोळ्या मोजून, चिठ्ठीसह, जेथून आणल्या त्या संस्थेत परत करा आणि परत केल्याची नोंद मागून घ्या; त्या केरात टाकू नका आणि दुसऱ्या कोणालाही देऊ नका. उघडलेली इतर औषधेही कोणाला देऊ नका. बंद पाकिटातले डायपर आणि गादी एखाद्या ब्युरोच्या मावशींना विचारलेत तर त्या दुपारपर्यंत गरज असलेले घर सांगतात. कुबड्या राहू द्या. आई त्या दाराजवळून हलवील तेव्हा हलवील.